जास्वंद वाढव

एका गावात, एका साध्याशा बुधवारी, एक बाई अंगणात शेणखत चाळत बसली होती. चुलीवर आमटी उकळत होती. कुंपणावर वाळत घातलेले लुगडे वाऱ्याने सारखे खाली पडत होते आणि बाई दर वेळी उठून ते पुन्हा वर टाकत होती.

या बाईला सगळे गाव धाकटी म्हणे. तिच्या थोरल्या बहिणीला आक्का म्हणे. दोघींचेही केस पिकायला लागले होते, पण गावाच्या लेखी थोरली ती थोरली आणि धाकटी ती धाकटी.

दोघींकडे पिढीजात एकच काम होते. गावच्या गणपतीच्या देवळासमोर, पाराला लागून, एक जास्वंद होती. तिची देखभाल. साधीसुधी जास्वंद नव्हे ती. भरगच्च पाकळ्यांची, लालभडक, बशीएवढी फुले यायची. वाटसरू बैलगाडी थांबवून बघत. रोज सकाळी त्यातली एकवीस देवाला जात, आणि तरी झाड लालच दिसे.

पाणी घालणे, खत घालणे, फुले काढणे हे धाकटीचे. छाटणी मात्र थोरलीची. लहानपणी फांदी तुटली की धाकटी रडायची, म्हणून थोरलीने ते काम आपल्याकडे ठेवले ते ठेवलेच. दरवर्षी माघ महिना लागला की थोरली मोठी कात्री पदराखाली घेऊन निघे आणि म्हणे, “तू घरी थांब. आमटी बघ.” सगळे आटोपल्यावर धाकटी जाई आणि पडलेल्या फांद्या गोळा करून आणी. थोरली तशी कमी बोलणारी. काय करते, कसे करते, हे तिने कधी सांगितले नाही आणि धाकटीने कधी विचारले नाही.

त्या माघात थोरली बारा कोसांवरच्या मावशीच्या गावी बारशाला गेली होती. निघायच्या सकाळी एक लांब फांदी वाटेवर झुकलेली तिला दिसली. देवळात येणाऱ्यांच्या डोक्याला ती लागत होती. थोरलीने जुन्या निळ्या लुगड्याची चिंधी फाडली, फांदी वर उचलून शेजारच्या फांदीला बांधली, “आल्यावर बघू,” म्हणाली आणि गाडीत बसली.

बुधवारी तीच गाडी परत आली. गाडीवान एकटाच होता.

“जास्वंद वाढव,” कुंपणाशी उभा राहून तो एका दमात म्हणाला.

धाकटी हसली. “उन्हाने डोकं फिरलं का रे तुझं?”

“आक्कांचा निरोप आहे. विसरेन म्हणून बारा कोस हेच घोकत आलो. बैलांनासुद्धा पाठ झालं असेल. म्हणाल्या, धाकटीला सांग, जास्वंद वाढव.”

“मग स्वतः येऊन सांगायला काय झालं तिला? बारसं होऊन पाच दिवस झाले. मावशीकडचे लाडू संपले नाहीत का अजून?”

गाडीवानाने डोक्याचे मुंडासे काढून हातात घेतले.

“तीन दिवस ताप होता,” तो म्हणाला. “काल दुपारी गेल्या.”

धाकटीने चाळणीतले उरलेले खत चाळून संपवले. मग हात धुतले. “जेवून जा,” ती म्हणाली. “आमटी झालीच आहे. लांबून आलास.”

गाडीवान जेवला. तीही समोर बसून होती. कुंपणावरचे लुगडे तेवढ्यात पुन्हा पडले. ते थोरलीचे होते. ते मात्र तिने संध्याकाळपर्यंत उचलले नाही.

तेराव्यानंतर धाकटी जास्वंदीपाशी गेली तेव्हा मोठी कात्री तिच्या हातात होती. माघ अजून सरला नव्हता. पण झाडासमोर उभी राहिल्यावर तिला निरोप आठवला. जास्वंद वाढव. म्हणजे झाडाला हात लावायचा नाही. ही प्रत्येक फांदी आक्काने पाहिलेली, आक्काने हाताळलेली. ती वाढवायची, जपायची. शेवटचा शब्दच तसा होता, आणि खरे सांगायचे तर धाकटीला तोच ऐकायला हवा होता. तिने कात्रीला तेल लावले, फडक्यात गुंडाळली आणि कोनाड्यात ठेवून दिली.

मग ती कामाला लागली. दोन घागरी पाणी घालायची तिथे चार घालू लागली. खताची पाटी दुप्पट झाली. फांदी झुकली की काठीचा टेकू द्यायचा, वाकली की चिंधीने बांधायची. थोरलीच्या निळ्या लुगड्याच्या सगळ्या चिंध्या संपल्या, तेव्हा तिने आपले हिरवे लुगडे फाडायला घेतले.

जास्वंद वाढली. खरोखर वाढली. श्रावणापर्यंत देवळाच्या ओसरीच्या छपराला टेकली.

“काय वाढलीय हो!” बाया म्हणत.

“आक्काची इच्छा होती,” धाकटी ताठ मानेने सांगे.

फक्त एक झाले. झाड वर जात राहिले आणि फुले कमी होत गेली. उरली ती शेंड्याला, हाताला न लागणारी, आणि बशीएवढी कसली, वाटीएवढी. आतल्या फांद्यांना ऊन मिळेना, वारा मिळेना. पानांखाली पिठासारखी पांढरी कीड धरली. धाकटी स्टुलावर उभी राहून एकेक पान ओल्या फडक्याने पुसायची. दुसऱ्या दिवशी कीड पुन्हा तिथेच.

एकवीस फुलांची बारा झाली. दिवाळीत सात. देवळाचा गुरव तोंडाचा फटकळ होता. परडी बघून म्हणाला, “धाकटे, एवढ्यात बाप्पाचं कसं भागायचं? आज उंदराला वाहतो. बाप्पाला सांगतो, उद्या या.”

“झाड दुःखात आहे,” धाकटी म्हणाली.

“मग सुतक फिटलं नाही का अजून त्याचं? आम्हां माणसांचं दहा दिवसांत फिटतं. झाडाने नऊ महिने धरलंय!”

गाव हसले. धाकटीला मात्र ते पटले. झाडाने आक्काचे सुतक धरले आहे, हे तिला बरेच वाटले. आपल्याबरोबर कुणीतरी आहे.

पुढचा माघ आला तेव्हा शेंड्याला एकच फूल होते, तेही किडके. त्याच आठवड्यात गावचे पाटील पारावर आले. उंच माणूस, पण जास्वंदीकडे बघायला त्यांनाही मान वर करावी लागली.

“ही जास्वंद आहे की ताड?” पाटील म्हणाले.

“तिला वेळ द्या, पाटील,” धाकटी म्हणाली.

“वर्ष दिलं. देवळाच्या दारात अंधार झालाय. परवा एका म्हातारीला फांदी लागून तिचा डोळा सुजला. तुझं दुःख आम्हाला कळत नाही असं नाही, बाई. आक्का आमच्याही होत्या. पण देवाच्या दारात फुलाचं झाड हवं. वैशाखात जत्रा आहे. तोवर देवाला एकवीस फुलं मिळाली तर ठीक. नाहीतर जत्रेनंतर ही काढू आणि इथं तगर लावू.”

“काढू म्हणजे?”

“मुळासकट.”

धाकटी घरी आली ती रडली नाही. तिने आणखी एक घागर उचलली. वर्षभर तिला एवढेच येत होते, जास्त घालणे.

दोन दिवसांनी गावात कासारीण आली. हातगाडीभर बांगड्या घेऊन ती दर दोन महिन्यांनी यायची. थोरलीच्याच वयाची आणि थोरलीची मैत्रीण. थोरली तिच्यापाशी बांगड्या भरायला कमी आणि नुसती बसायला जास्त जायची. दोघीही फारशा बोलत नसत, म्हणून त्यांचे जमत असावे. थोरली गेल्यापासून धाकटीने मात्र तिला टाळले होते.

कासारीण धाकटीच्या अंगणात बसली आणि पहिली गोष्ट म्हणाली, “हात दाखव.”

धाकटीने हात मागे घेतला.

“वर्षश्राद्ध झालं ना? मग दाखव. शोक हातात घालून हिंडायचा नसतो, पोरी.”

हात पुढे आला. वर्षभर घागरी उचलून मनगट जाड झाले होते. जुन्या बांगड्या मांसात रुतल्या होत्या. भोवती लाल वळ उठले होते.

“अगं बाई,” कासारीण म्हणाली, “बेडीच झालीय की. थांब. आधी या वाढवते, मग नव्या भरते.”

“नको!” धाकटीने हात हिसकला. “आक्काने पसंत केलेल्या आहेत या. मागच्या संक्रांतीला. तुझ्याचपाशी.”

“मला ठाऊक नाही होय? मीच भरल्या. पण जुन्या वाढवल्याशिवाय नव्या चढायच्या कशा?” कासारणीने तो हात पुन्हा आपल्याकडे ओढला. “तुझी आक्का असती तर हसली असती तुला. दर माघात माझ्यापाशी येऊन बसायची. म्हणायची, कासारणी, तुझा शब्द मी उचललाय हो. देवाच्या झाडाला काप म्हणायला जीभ वळत नाही. तू बांगडी वाढवतेस, मी जास्वंद वाढवते.”

धाकटीने हात ओढायचे थांबवले.

“काय म्हणायची?”

“हेच. माघ लागला, आता जास्वंद वाढवायला हवी.”

धाकटी आपल्या मनगटाकडे बघत होती. बांगडी फुटली म्हणत नाहीत, वाढली म्हणतात. हे काय तिला माहीत नव्हते? पाळण्यात होती तेव्हापासून माहीत होते. दिवा विझवला म्हणत नाहीत. निघताना जाते म्हणत नाहीत, येते म्हणतात. आणि देवळातला तो गुरव तिच्या डोळ्यांसमोर रोज नारळ वाढवत होता. नारळ काही मोठा होत नव्हता.

“मी वर्षभर पाणी घालत बसले,” ती म्हणाली.

“कशाला?”

“आक्काने निरोप धाडला होता. जास्वंद वाढव म्हणून.”

कासारणीने तिच्याकडे पाहिले. मग एकदम तिला हसू फुटले आणि हसता हसता डोळ्यांना पदर लावावा लागला. धाकटीलाही हसू आले. बहीण गेल्यानंतर ती पहिल्यांदा हसली, आणि ते आपल्या स्वतःवर.

“वाढव,” धाकटी म्हणाली आणि हात पुढे केला.

कासारणीने फडके धरले, बोटाने दाबले, आणि कट् कट् करत जुन्या बांगड्या वाढल्या. मनगटावर थोडे रक्त आले. कासारणीने त्यावर हळद दाबली. “नव्या परतीच्या वाटेवर भरते, आठ दिवसांनी,” ती म्हणाली. “आधी हाताची सूज उतरू दे.”

दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटी कात्री घेऊन जास्वंदीपाशी गेली. कापायचे हे कळले होते. कुठे कापायचे, ते सांगणारी आता नव्हती.

ती झाडाच्या बुंध्याशी खाली बसली. वर्षभर तिने मान वर करून शेंडेच पाहिले होते. आता पहिल्यांदा तिने खोडाजवळ नीट पाहिले, आणि तिला एक जुना काप दिसला. तिरका, गुळगुळीत, कडेने भरून आलेला. त्याच्या खाली बोटभर अंतरावर कोंबाचा जो डोळा बाहेरच्या बाजूला होता, तिथून फांदी फुटलेली. त्या फांदीवर थोडे वर पुन्हा एक काप. त्याखालून दोन फांद्या. त्यांच्यावर पुन्हा काप, पुन्हा फांद्या. दर माघाचा एक. थोरलीने तोंडाने कधी काही सांगितले नव्हते, पण सगळे झाडावर लिहून ठेवले होते. काप तिरका द्यावा, म्हणजे पाणी साचत नाही. डोळा बाहेर बघणारा निवडावा, म्हणजे आत गर्दी होत नाही. गुडघ्याच्या वर, कमरेच्या खाली.

धाकटी एकेका कापावरून बोट फिरवत गेली. आक्काने हाताळलेल्या म्हणून ज्या फांद्या तिने वर्षभर जपल्या, त्यातली एकही आक्काच्या कात्रीशिवाय जन्मालाच आली नसती. आक्काचा हात फांद्यांवर नव्हता. तो कापांवर होता.

मग ती उठली आणि पहिली फांदी कापली.

रडू आले, पण ते फक्त पहिल्या फांदीला. दहाव्या फांदीपर्यंत हात बसला होता. विसाव्या फांदीला तिला कळले की हे काम तिला येते. कदाचित पहिल्यापासून येत होते. टेकू निघाले, आक्काने बांधलेली एक सोडून बाकी चिंध्या सुटल्या, किडकी पाने ढिगात गेली. दुपारपर्यंत देवळाच्या दारात ऊन आले. गाभाऱ्यातला गणपती पारावरून दिसू लागला.

लोक जमले. जिथे छपराला टेकलेले झाड होते, तिथे त्या एका फांदीखेरीज कमरेएवढ्या बोडक्या काठ्या उभ्या होत्या. पाटीलही आले.

“अरे देवा,” पाटील म्हणाले. “आम्ही वैशाखात काढणार होतो. बाईने माघातच आवरलं.”

“आवरली नाही, पाटील. वाढवली,” धाकटी म्हणाली.

“वाढवली? कमरेएवढी राहिलीय!”

“होय. वाढवलीय.”

पाटलांनी गुरवाकडे बघितले. गुरवाच्या हातात नुकताच वाढवलेला नारळ होता, दोन्ही हातांत एकेक भकल. त्याने आधी नारळाकडे पाहिले, मग काठ्यांकडे, आणि दोन्ही भकले पुन्हा जुळवून पाहिली.

“बघू वैशाखात,” पाटील म्हणाले आणि गेले.

धाकटीने पाणी पुन्हा दोन घागरींवर आणले. खताची पाटी एकच. बाकी वेळ ती रिकामी असे, आणि त्या रिकामपणाची तिला भीती वाटली नाही. आठ दिवसांनी कासारीण येऊन नव्या बांगड्या भरून गेली. हिरव्या, थोड्या सैल.

फाल्गुनात काठ्यांवरचे डोळे फुगले. होळीनंतर तांबूस कोंब निघाले, चैत्रात त्यांच्या फांद्या झाल्या, पाने आली. वरच्या फांद्या बाहेर, खालच्याही बाहेर, आत वाऱ्याला मोकळी जागा. जास्वंदीचे फूल नव्या फांदीलाच धरते. जुनी फांदी नुसती उंच होते. अक्षय्य तृतीयेला धाकटीने कळ्या मोजायला सुरुवात केली आणि चाळिसाच्या पुढे सोडून दिले.

जत्रेच्या सकाळी गुरव परडी घेऊन पारावर आला. झाड कमरेच्या थोडे वर, आणि पान दिसू नये इतके लाल. बशीएवढी फुले. धाकटीने स्टूल आणले नव्हते. खाली बसूनच ती फुले काढत होती. एकवीस झाली. परडी भरली तेव्हा गुरवाने उपरणे पसरले.

“आज बाप्पालाही आणि उंदरालाही,” तो म्हणाला.

“आणि पाटलांना एक,” धाकटी म्हणाली. “त्यांच्या तगरीच्या नावाने.”

पाटलांनी ते फूल घेतले, मुंडाशात खोचले आणि दिवसभर तसेच हिंडले. तगरीचे नाव पुन्हा कुणी काढले नाही.

त्यानंतर दर माघात धाकटी कात्रीला तेल लावते आणि जास्वंद वाढवायला जाते. गावात कुणी विचारले तर ती सांगतेही, काप कुठे द्यायचा आणि डोळा कुठला बघायचा. आपल्या बहिणीसारखी ती गप्प राहत नाही. गप्प राहिल्याने काय होते, ते तिने पाहिले आहे.

या गोष्टीचे तात्पर्य आमच्याकडे असे सांगतात: गेलेल्या माणसाचे जे मागे उरते, ते नुसते साठवून जपले जात नाही. जुने वेळेवर वाढवावे, तरच नवे भरते.

आक्काने निघताना निळ्या चिंधीने बांधलेली ती एक फांदी मात्र, शेजारच्या खुंटाला धरून, अजून तिथेच आहे. उंच गेली आहे, तिला फूल येत नाही. आल्यावर बघू, असे आक्का म्हणाली होती. दर माघात धाकटी सगळे झाड उरकते, शेवटी त्या फांदीपाशी येते, गाठ तपासते आणि कात्री फडक्यात गुंडाळते. ती फांदी तिने अजून वाढवलेली नाही.